प्रतापरावांचं अस्वल

प्रतापराव मला आवडत नव्हते आणि आजही आवडत नाहीत. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की शेवटी मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोलणार आहे. एखाद-दुसरा येईलही, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. पण माणूस आठवतो तो रागानंच. नाशिकच्या सातपूरला त्यांच्या कारखान्यात मी अडीच वर्षं काढली आणि त्या अडीच वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही.

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. माणसाचं काम हेच त्याचं नाव. "ए वेल्डर", "ए गेट", "ए पॅकिंग". मी तपासणी विभागात होतो, म्हणजे नियमानं "ए तपासणी" व्हायला हवा होतो. पण मी बी.एस्सी. आहे हे त्यांना कळलं आणि माझं नाव "ग्रॅज्युएट" पडलं. "ए ग्रॅज्युएट, पंखा लाव जरा." सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कळवणला खोली करून शिकलो, सुट्टीत निफाडकडे द्राक्षं खुडायला गेलो. निकाल लागला तेव्हा हा शब्द मी घरी मिरवत नेला होता. तोच त्यांच्या तोंडून आला की शिवीसारखा लागायचा.

त्यांच्या केबिनमध्ये समोर बसणाऱ्यासाठी एक खुर्ची होती. तिचे चारही पाय त्यांनी आपल्याच वर्कशॉपमध्ये दोन-दोन इंच कापून घेतले होते. बसणारा आपोआप खाली जायचा आणि मान वर करून बोलायचा. मी हे ओळखलं, कारण मोजमाप हेच माझं काम. तेव्हापासून मी उभ्यानंच बोलायचो. त्यांना ते खटकायचं, पण "बस" म्हणायचं तर मान द्यावा लागतो, म्हणून म्हणत नसत.

खुर्चीच्या मागं भिंतीवर एक मोठा जुना फोटो. त्यांचे आजोबा, हातात बंदूक, पायाशी बिबट्या, बाजूला कुत्रा, आणि खाली उकिडवे बसलेले सहा उघडे लोक. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो फोटो दाखवायचा. "आमच्यात शिकार ही विद्या होती. हा कुत्रा बघा, मोती. बिबट्याच्या अंगावर जायचा."

एकदा गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "साहेब, आणि ही खाली बसलेली माणसं?"

"ही?" त्यांनी प्रथमच पाहिल्यासारखं पाहिलं. "हे हाकारे. डोंगरातले. डबे वाजवत जनावर पुढं काढायचे."

"नावं?"

"काय तुझंही. त्यांची नावं कोण ठेवतं?"

कुत्र्याचं नाव ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. यंत्राचा कान त्यांना होता. केबिनमध्ये बसून फोनवर बोलता बोलता ते थांबायचे आणि म्हणायचे, "तीन नंबर प्रेस बघ रे, दमतोय." आम्ही जाऊन पाहायचो तर तीन नंबरचा बेल्ट खरंच सैल झालेला असायचा. यंत्राला हात लावायचे तो उलट्या पंजानं, तापलेल्या बैलाला लावावा तसा. तेवढ्या वेळात ते वेगळेच कुणीतरी वाटायचे. मग वळून म्हणायचे, "ए वेल्डर, झोपलास काय," आणि परत तेच.

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती अस्वलामुळं.

त्यांचा मेहुणा अमेरिकेत असतो, पश्चिमेकडच्या एका डोंगराळ राज्यात. तिथं शरद ऋतूत काळ्या अस्वलाच्या शिकारीचा मोसम असतो. परवाना काढायचा, पाठीवर तंबू आणि आठवड्याचं खाणं घ्यायचं, आणि सरकारी डोंगरात चालत जायचं. मेहुणा दरवर्षी जातो. या वर्षी त्यानं विचारलं, "दाजी, येता का?" प्रतापराव त्या दिवशी कारखानाभर फिरले. "आजोबांनंतर आमच्यात मीच," असं त्यांनी गेटवाल्यालासुद्धा सांगितलं.

इकडं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. माझ्या बापानं एकदा सशाला फास लावला होता. पकडला गेला, तालुक्याला हेलपाटे घातले, कबूल केलं, शिक्षा भोगली. पुन्हा फास लावला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बापानं लावला तो गुन्हा, आणि यांनी विमानात बसून करायची ती विद्या, हे ऐकताना माझे दात एकमेकांवर घासायचे.

मेहुण्यानं पाठवलेले कागद इंग्रजीत होते. प्रतापरावांचं इंग्रजी गिऱ्हाइकाला "नो प्रॉब्लेम" म्हणण्यापुरतं. म्हणून रोज दुपारी जेवणानंतर मला बोलावणं यायचं. मी उभ्यानं वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि ते वहीत बेत लिहायचे. माझं कायम नोकरीचं पत्र त्यांच्याच टेबलाच्या खणात होतं. एक वर्ष शिकाऊ, मग कायम, असं ठरलं होतं. वर्ष उलटून गेलं तरी विचारलं की म्हणायचे, "मुरू दे अजून. लोणचं आठवड्यात खातोस काय?" माझी बहीण बारावी झाली होती. तिला नाशिकला नर्सिंगला घालायचं होतं. बाप म्हणत होता, "तुझं पक्कं होऊ दे. मग पाठवतो. तुझंच आज-उद्या असलं तर ती तिथं कुनाच्या जिवावर राहील?" प्रवेशाला दोन महिने राहिले होते. म्हणून मी अस्वल वाचत होतो.

पहिल्याच आठवड्यात तो घोळ झाला. कागदावर होतं, शिकार "पब्लिक लँड"वर. मी तो शब्द तसाच वाचला.

प्रतापराव म्हणाले, "पब्लिक? मग गर्दी असणार."

आपल्याकडं पब्लिक म्हणजे माणसं. जत्रेला लय पब्लिक होतं, एस्टीला पब्लिक होतं. त्यांनी तोच अर्थ घेतला.

"एवढ्या पब्लिकमध्ये अस्वल थांबेल का, हा एक प्रश्न," ते वहीत लिहीत म्हणाले. "पण एक बरंय. पब्लिक आहे म्हणजे गडी मिळतील. सामानाला चार, हाकाऱ्याला आठ-दहा. घे, तूच वहीत लिही, मेहुण्याला विचारायचं, तिकडं रोजंदारीवर किती माणसं उभी राहतात."

मी लिहिलं. तिथं पब्लिक म्हणजे सरकारी, सगळ्यांच्या मालकीचं रान, आणि त्या रानात मैलोन् मैल माणूस नाही, हे मला ठाऊक होतं. पुढच्याच पानावर होतं. मी ते पान त्यांना वाचून दाखवलं नाही. उगाच कशाला लपवू, मला मजा वाटली. महिनाभर ते गिऱ्हाइकांना सांगत होते, "तिकडं पब्लिक फार असतं, पण शिस्तीचं."

मांसाचा नियम मात्र मी स्वच्छ वाचला. अस्वल मारलं तर त्याचं खाण्याजोगं मांस जंगलाबाहेर आणलंच पाहिजे. टाकून येणं गुन्हा.

"मांस?" प्रतापरावांनी तोंड वाकडं केलं. "अस्वलाचं? मला कातडं हवंय, इथं टाकायला." त्यांनी बुटानं फरशी दाखवली. "कसला भिकारी कायदा."

रात्रपाळी नव्हती, म्हणून संध्याकाळी बापाला फोन लावला आणि हा नियम सांगितला. बापाच्या लहानपणी पाड्यात डुक्कर पडलं की चुली मोजून वाटे व्हायचे. हाक्याला गेलेल्याला वाटा, न गेलेल्या म्हातारीलाही वाटा. बाप म्हणाला, "बराय की कायदा. कुनी केला?"

मग सराव सुरू झाला. मेहुण्यानं कळवलं होतं की पाठीवर पंचवीस किलो घेऊन चढायची सवय करा. प्रतापरावांनी ऑनलाइन एक भारी पाठपिशवी मागवली, तिच्यात प्रेसमधल्या लोखंडी तुकड्यांच्या पिशव्या भरल्या, आणि रविवारी सकाळी मला पांडवलेणीच्या पायथ्याशी बोलावलं. पिशवी पाठीला लावून त्यांनी माझ्याकडून फोटो काढून घेतले. तीन उभे, दोन आडवे. मग म्हणाले, "धर."

"मी?"

"तू हलकायस. मी श्वासाचा सराव करतो. वजनाचं तिकडं गेल्यावर बघू."

लोखंडाचं ओझं तांदळाच्या पोत्यासारखं अंगाशी बसत नाही, पायरीपायरीला मागं ओढतं. मी चढलो. ते पुढं, हातात काठी, गळ्यात दुर्बीण. अर्ध्यावर एक मावशी उतरत होत्या, रोज सकाळी चढणाऱ्यांपैकी. माझ्याकडं बघून थांबल्या.

"अहो, या पोराला पाणी तरी पाजा. कसलं ओझं हे?"

"सराव चाललाय," प्रतापराव म्हणाले.

"कुणाचा?"

ते दुर्बीण डोळ्याला लावून पुढं निघाले. मावशी उतरून गेल्या. लेण्यांपाशी पोचल्यावर त्यांनी मला पाणी दिलं नाही. मावशींनी सांगितलं होतं ना, म्हणून दिलं नाही, असा तो माणूस.

असे चार रविवार झाले. पाचव्या सोमवारी मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. केबिनमध्ये पुण्याचं एक गिऱ्हाईक त्या बुटक्या खुर्चीत बसलेलं, मी कागद घेऊन उभा. प्रतापरावांनी मुद्दाम आवाज मोठा केला.

"दाजी, तयारी कुठपर्यंत?"

"फिट आहे एकदम. तुला गड्यांचं विचारायचं होतं. आठ मिळाले तरी चालतील."

"कसले गडी?"

"हाकाऱ्याला रे. आणि सामानाला. पब्लिक लँड आहे ना, पब्लिक असेलच."

पलीकडून हसू फुटलं. मेहुणा वाईट नव्हता, पण त्याला ते आवरेना. "दाजी, पब्लिक म्हणजे सरकारी हो. गव्हर्नमेंटचं जंगल. तिथं मी आणि तुम्ही. अस्वल पडलं तर सोलायचं आपण, कापायचं आपण, आणि पाठीवरून गाडीपर्यंत आणायचंही आपणच. दोन खेपा लागतील, कदाचित तीन."

"खेपा," प्रतापराव म्हणाले. "आपण."

गिऱ्हाईक खुर्चीत खाली बघून हसलं. कॉल संपला, गिऱ्हाईक गेलं. मग ते माझ्याकडं वळले.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, साहेब. तुम्ही लिही म्हणालात, मी लिहिलं."

मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं नाही. त्यांना माझी गरज होती, आणि ती काय हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या राज्यात काळ्या अस्वलाबरोबर दुसरं एक मोठं तपकिरी अस्वल असतं. ते मारणं मोठा गुन्हा. म्हणून परवान्याआधी ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. फोटो दाखवतात, हे काळं अस्वल की ते दुसरं, ओळखायचं. आणि गंमत अशी की काळं अस्वल काळंच असतं असं नाही. तपकिरी असतं, दालचिनीच्या रंगाचंही असतं. प्रतापराव घरी बसून दोनदा नापास झाले होते. काळं दिसलं की काळं, तपकिरी दिसलं की दुसरं.

त्यांनी केबिनचं दार लावलं, संगणक माझ्याकडं फिरवला आणि खण उघडून एक कागद टेबलावर ठेवला. माझं पत्र. टाइप केलेलं, शिक्का मारलेला, फक्त सही बाकी.

"माझ्या नावानं बस आणि देऊन टाक. अर्ध्या तासाचं काम. तू पास झालास की मी सही करतो."

मी पत्राकडं पाहिलं. माझं नाव त्यावर पूर्ण लिहिलेलं होतं. म्हणजे त्यांना ते माहीत होतं. बहिणीचा प्रवेश, बापाचं "पक्कं होऊ दे", सगळं त्या कागदावर होतं, आणि मी हात पुढं केला नाही असं नाही. माउसवर हात ठेवला होता. पहिला फोटो समोर आला. मला उत्तर येत होतं.

मग हात काढला. "माझ्याच्यानं होणार नाही, साहेब."

"का? पाप लागतं?"

"आमच्या घरात सातबाऱ्यावर कुणाचं नाव नाही. मार्कलिस्टवर आहे, माझं. मी दिलेले पेपर सोडले तर माझ्या नावावर दुसरं काही नाही. ते मी दुसऱ्याच्या नावानं देत नाही."

"भाषण नको."

"शिकवीन पाहिजे तर."

हे मी का म्हणालो मला माहीत नाही. ते मोठ्यानं हसले, पत्र खणात टाकलं, जा म्हणाले. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिकव."

चार दुपारी शिकवलं. पुस्तकात कान, नाक, नखं असं बरंच होतं, त्यांच्या डोक्यात काही राहीना, रंगावरच घसरायचे. शेवटी मी म्हटलं, "साहेब, रंग सोडा. खांदा बघा. त्या दुसऱ्याच्या खांद्यावर वशिंड असतं, बैलासारखं. काळ्याला नसतं, त्याची पाठ म्हशीसारखी. वशिंड दिसलं की बैल, सोडून द्या. नाही दिसलं की म्हैस."

ते थांबले. तीन नंबरच्या प्रेसचा आवाज ऐकताना थांबायचे तसे. मग एकेक फोटो पुढं सरकवत पुटपुटू लागले, "म्हैस. म्हैस. बैल. म्हैस." एकही चुकलं नाही. त्या दुपारी ते परीक्षेला बसले तेव्हा मी बाहेर काचेपाशी होतो. ओठ हलताना दिसत होते. पास झाले.

प्रमाणपत्र छापून त्यांनी आजोबांच्या फोटोखाली लावलं. संध्याकाळी गिऱ्हाइकाला सांगत होते, "मी एक पद्धत काढली. बैल आणि म्हैस. आमच्यात जनावराची पारख रक्तात आहे."

दुसऱ्या दिवशी मी पत्र मागितलं.

"कसलं पत्र? तू परीक्षा दे म्हटलं होतं, तू दिली नाहीस. मी दिली."

"शिकवलं मी."

"मग? मास्तर कायम होतात का शिकवून?" आणि हसत म्हणाले, "मुरू दे."

मी बापाला फोन केला. त्यानं विचारलं, "पक्कं झालं का?" मी नाही म्हणालो. होणारही नाही म्हणालो. का ते सगळं सांगितलं, माउसवर हात ठेवल्याचंही. "तरी तिला पाठवा. अंबडला एका कारखान्यात बोलावलंय, तेही शिकाऊच आहे, पण मी बघतो."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या, त्यांना त्यानं हुसकलं. मग बाप म्हणाला, "सोमवारी बसवतो तिला गाडीत. घ्यायला ये."

शनिवारी राजीनामा घेऊन मी केबिनमध्ये गेलो. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं विमान होतं. अस्वल मिळालं की नाही हे मला माहीत नाही, मी कुणाला विचारलंही नाही.

ते जमिनीवर बसले होते. पाठीला ती पिशवी, या वेळी खरं सामान भरलेली, तंबू, पातेलं, दोर, सगळं. छातीवर आणि कमरेवर पट्टे आवळलेले. बसून पट्टे बांधायचे आणि मग उठायचं, असं त्यांनी व्हिडिओत पाहिलं असणार. बांधले होते. उठता येत नव्हतं. ओझं मागं होतं आणि माणूस उलट्या भुंग्यासारखा पाय झाडत होता. एवढा मोठा माणूस खालून माझ्याकडं बघत होता.

"हात दे," ते म्हणाले.

मी राजीनामा टेबलावर ठेवला. "तिथं कोण देणार, साहेब?"

त्यांनी मला शिवी दिली. ती ऐकून मी वळलो. दाराकडं गेलो आणि तिथून एकदाच मागं पाहिलं. त्यांनी कूस बदलली. एक गुडघा टेकवला, मग दुसरा. ती बुटकी खुर्ची धरायला गेले, ती सरकली, तशी सोडून दिली. मग दोन्ही हात जमिनीवर टेकून, माझ्या आईला मी भारा उचलताना बघितलं होतं अगदी तसे, ते एक पाय पुढं घेऊन तोंड लाल करत उठू लागले. मी दार लावून घेतलं.